डॉक्टरांची पोर्शे आणि वहिनींचा हिशेब

"अहो, ऐकलंत का? डॉक्टरांची ती गाडी म्हणे आता पंधरा लाखांना जाईल!"

लाख म्हणजे डॉलर हं, रुपये नव्हेत. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये इतकी वर्षं काढून आम्हा दोघींचे डॉलर अजून लाखांतच चालतात.

"कुठली? पावसात बाहेर निघत नाही ती?"

"तीच. पोर्शे कॅरेरा जीटी. काल मंडळाच्या मीटिंगला डॉक्टरीणबाई स्वतः सांगत होत्या." शेजारच्या वहिनींनी बागेतला पाण्याचा पाइप बंद केला. म्हणजे विषय मोठा होता.

त्या गाडीचं पुराण मला पाठ आहे, कारण मी पोळ्या लाटताना आमचे हे मागे उभे राहून तेच ऐकवतात. शर्यतीसाठी केलेलं दहा सिलिंडरचं इंजिन. ल मान्सच्या शर्यतीचा बेत बारगळला म्हणून ते रस्त्यावरच्या गाडीत आलं. 2006 पर्यंत लाइपझिगच्या कारखान्यात 1,270 गाड्या झाल्या. ठरल्या होत्या 1,500, पण अमेरिकेचे एअरबॅगचे नियम बदलले आणि कंपनीने हात आखडता घेतला. तेव्हा कंपनीला काय ठाऊक, की तो आखडलेला हातच पुढे भाव चढवणार आहे!

नवी होती तेव्हा किंमत 4 लाख 40 हजार. 2008 च्या मंदीनंतर तिला कोणी विचारेना. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 2012 साली पावणेचार लाखांना उचलली, तेव्हा सगळ्या गल्लीने त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यात मीही होते, वहिनी तर होत्याच. मग 2022 च्या सुरुवातीला जवळजवळ न चाललेली एक गाडी ऑनलाइन लिलावात वीस लाखांपर्यंत गेली आणि डॉक्टर रातोरात शहाणे ठरले. पुढे बाजार थोडा निवला.

"म्हणजे चौपट की हो!" मी म्हटलं.

"थांबा. खर्च कोण धरणार?" वहिनी आयुष्यभर दुसऱ्यांची खातेवही लिहीत आल्या आहेत. "घेतली त्याच दिवशी न्यू जर्सीचा सात टक्के विक्रीकर. सव्वीस हजार दोनशे पन्नास तिथेच गेले. विमा ठरलेल्या किमतीचा, त्याच्या अटी वेगळ्या. कुलपाचं गॅरेज हवं, आणि रोज कामावर जायला दुसरी गाडी हवी. म्हणून तर हॉस्पिटलला जातात त्या जुन्या कॅम्रीतून."

"आणि क्लच?" ही बातमी माझ्याकडे होती.

क्लच सिरॅमिकचा. त्याची तबकडी जेमतेम सतरा सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या पुरीएवढी. गाडी हलवताना ॲक्सिलरेटरला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावायचा नाही. क्लच हळूहळू सोडायचा, बाकीचं इंजिन बघून घेतं. डॉक्टरांचा मेहुणा पुण्याहून आला होता तेव्हा त्याने "जिजाजी, एकदाच" म्हणून चढाच्या ड्राइव्हवेवर ती आपल्या पुण्याच्या सवयीने काढली. घूं-घूं करत गाडी चार फूट गेली. जळका वास आमच्या डेकपर्यंत आला. दुरुस्तीचं बिल पंचवीस हजारांच्या वर. वर मेहुणा म्हणतो, "पुण्याला पाठवून द्या, तिथे आमचा मेकॅनिक बघेल." पाठवतो कसली! जुनी गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. कॅरेरा जीटी तर एकजात डाव्या स्टिअरिंगच्या.

मला खरी धास्ती वाटते ती टायरची. गेल्या उन्हाळ्यात गॅरेज उघडं होतं, बॅटरीच्या चार्जरची वायर भिंतीपासून बॉनेटपर्यंत सलाइनसारखी गेलेली. मी वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: 2214. म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, पण रबर म्हातारं झालेलं. 30 नोव्हेंबर 2013 ला कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटाला पॉल वॉकर हा नट ह्याच जातीच्या गाडीत गेला. तपासात कारण वेग असं निघालं, पण टायर नऊ वर्षांचे होते हेही तिथे नोंदवलं गेलं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, पण मैल कुठे झालेत?"

मैल होऊच द्यायचे नाहीत, तीच तर गोम आहे. काटा पुढे सरकला की भाव मागे सरकतो.

"आणि 2023 चं विसरलात?" वहिनी हसू दाबत म्हणाल्या. चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे सांधे गंजून तुटू शकतात, असं कंपनीच्या लक्षात आलं. अमेरिकेतल्या 489 मालकांना हुकूम आला, गाडी चालवू नका. "हाडांच्या डॉक्टरांच्या गाडीचेच सांधे गेले!"

दोघी पोट धरून हसलो. डॉक्टर तेवढ्यात कुत्र्याला घेऊन समोरून गेले. आम्ही टोमॅटोच्या रोपांविषयी बोलू लागलो.

ते वळल्यावर वहिनींनी शेवटचा आकडा काढला. "2012 संपताना शेअर बाजाराचा एस अँड पी 500 निर्देशांक चौदाशेच्या आसपास होता, 2024 संपताना 5,900 च्या जवळ. तोही चौपटच. डिव्हिडंड वर. त्याला ना क्लच, ना गॅरेज, ना मेहुणा. शिवाय गाडी नफ्यात विकली तर सरकार कर घेणार, हौसेची म्हणून तोट्यात विकली तर वजावट शून्य."

हिशेब बिनचूक. पण रविवारी सकाळी डॉक्टर ती बाहेर काढतात तेव्हा त्या दहा सिलिंडरचा आवाज ऐकायला वहिनींसकट सगळी गल्ली खिडकीत असते, आणि इंडेक्स फंडाचं स्टेटमेंट बघायला कोणी खिडकीत येत नाही. एवढं मी बोलून दाखवलं. वहिनींनी नुसता पाइप सुरू केला.

तुमच्या ओळखीत कोणी अशी गाडी घ्यायला निघालं असेल, तर भावाचं नंतर बघा म्हणावं. आधी वाकून टायरवरचे चार आकडे वाचा, क्लच किती उरलाय ते लेखी मागा, सांध्यांचं काम झाल्याचा कागद बघा. आणि किल्ली मेहुण्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.