दुपारच्या पत्त्यांचा शास्त्रोक्त विधी

मे महिना लागला की सुज्ञ पालक मुलांना पोहणे, मातीकाम, व्यक्तिमत्त्व विकास अशा शिबिरांना घालतात. पण शिबिरे सकाळी असतात. प्रश्न दुपारी बारा ते चारचा असतो. या वेळेत अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास रेंगाळत असतो. कोकणात तो तेवढा चढत नाही, पण घाम ती कसर भरून काढतो. सबब घरातले यच्चयावत नातेवाईक एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली सापडतात. कुटुंब एकत्र आणण्याचे निम्मे काम उन्हाने परस्पर केलेले असते. उरलेले निम्मे पत्त्यांच्या कॅटकडून करून घ्यायचे आहे. त्याची रीतसर कृती पुढे दिली आहे.

प्रथम साहित्य. कॅट जुना असावा. नवा गुळगुळीत कॅट हातात ठरत नाही, आणि त्यात सगळे पत्ते असतात. चांगल्या घरातल्या कॅटमध्ये ५१ पत्ते असतात. बावन्नाव्याच्या जागी जोकर घेऊन त्यावर बॉलपेनने 'किलवर तिर्री' असे लिहावे. चौकट राणीचा एक कोपरा बहुधा दुमडलेला असतो, त्यामुळे ती कोणाच्या हातात आहे हे सर्वांना दिसते आणि कोणीही बोलत नाही. याला जिव्हाळा म्हणतात.

सतरंजी घालावी. गादीवर खेळू नये. उतारी गादीत रुतते आणि आजोबा तिच्यावर झोपतात. पंखा पाचवर ठेवल्यास मधला ढीग उडतो, आणि तो ज्याच्या गळ्यात पडणार होता तोच "आता हा डाव मोडला" असे जाहीर करतो. एकवर ठेवल्यास माणसे उडून जातात. तीनवर ठेवावा आणि हरत असलेल्या माणसाला रेग्युलेटरजवळ बसवू नये.

आता माणसे. आजी अत्यावश्यक. "मला नाही बाई तुमचं ते कळत," असे म्हणत बसणारी आजी मिळाल्यास उत्तम, कारण तिला सगळे कळते. चष्मा नसल्याच्या निमित्ताने ती शेजारच्याचे पत्ते जवळून पाहून घेते. एक काका हवेत. डाव संपल्यावर तो पहिल्या उतारीपासून पुन्हा सांगणे आणि "तू तेव्हा दश्शी टाकायलाच नको होतीस" असा निकाल देणे हे त्यांचे काम. या चिकित्सेला मूळ डावापेक्षा जास्त वेळ लागतो. तो धरूनच वेळापत्रक आखावे. मोबाइलमध्ये मान घातलेल्या भाच्याला उपदेश करू नये. बदाम सातमध्ये पत्ता असूनही 'पास' म्हणता येते, एवढे त्याच्या कानावर घालावे. तो येतो.

सर्वांत लहान मूल हे 'कच्चा लिंबू'. कच्च्या लिंबाला खेळात घेतलेले असते पण धरलेले नसते. त्याच्यावर राज्य येत नाही, तो हरत नाही, आणि जिंकला तर टाळ्या वाजवायच्या पण मोजायचे नाही. राज्यघटनेत असे पद नाही, ही उणीव मानावी लागेल. मात्र एक खबरदारी घ्यावी. कच्चा लिंबू कधी तरी पिकतो, आणि तो पिकल्याची बातमी घरात सर्वांत शेवटी मोठ्यांना लागते. ज्या दिवशी तो हातातले पत्ते छातीशी धरून "काका, तुमच्याकडे इस्पिक संपलंय ना?" असे विचारतो, त्या दिवशी त्याला विधिपूर्वक पक्का करावे.

जावई पहिल्याच उन्हाळ्यात आलेला असल्यास त्याला दोन डाव जिंकू द्यावेत. तिसऱ्यापासून तो घरचा.

पत्ते पिसण्याच्या बाबतीत मराठी माणूस फारच भाबडा आहे. ५२ पत्ते जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात ती संख्या आठावर ६७ शून्ये एवढी भरते. म्हणजे नीट पिसलेला कॅट पूर्वी कधी कोणाच्याच हाती त्याच क्रमाने आला नसणार, असे बिनदिक्कत म्हणता येते. परंतु 'नीट' हा शब्द महत्त्वाचा. १९९२ साली डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवून दिले की गड्डीचे दोन भाग करून, अंगठ्यांनी फरफर सोडत ते एकमेकांत गुंतवले, तर सात वेळांत कॅट पुरेसा मिसळतो. यातले डायकोनिस तरुणपणी व्यवसायाने जादूगार होते, तेव्हा त्यांचा शब्द काकांपेक्षा वरचा मानायला हरकत नाही. आपल्याकडे गड्डी तळहातावर धरून तिच्यातला एक घास काढून पुढे ठेवतात. या पद्धतीने कॅट तेवढा मिसळायला पाव वाटीने समुद्र उपसायची चिकाटी लागते. आपण चार वेळा पिसतो आणि शेजारच्याकडून काटून घेतो. मग चारही एक्के दर डावाला आत्याकडेच कसे जातात यावर शंका काढतो. आत्याने काही केलेले नसते. या खेपेला तरी नसते.

खेळ कोणता निवडावा, हे डोकी मोजून ठरवतात. ते चूक आहे. घरात सध्या कोणाचे कोणाशी काय चालू आहे, ते पाहून ठरवावे.

तिघेच उरले असतील तर पाच-तीन-दोन. यात पत्ते ३० लागतात : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळे, आणि दोन सत्त्या. ज्याचे हात कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात पत्ता ओढायचा असतो. देणेघेणे ताजे ठेवणाऱ्या भावंडांना हा खेळ मानवतो.

चौघे असल्यास मेंढीकोट. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येकी १३ पत्ते, आणि सारी धडपड चार दश्श्यांसाठी. चारही दश्श्या एका बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट. नवरा-बायकोला भिडू करू नये. बायकोचा एक्का चालत असताना नवऱ्याने त्यावर हुकूम मारला, तर ती गोष्ट त्या डावापुरती राहत नाही. दिवाळीत सोफा घेताना निघते. सासू-सुनेची जोडी मात्र अवश्य लावावी. समोर काका आहेत म्हटल्यावर त्या दोघींमध्ये जो समन्वय दिसतो, तो एरवी कोणत्याही मध्यस्थाला साधलेला नाही. खुणा करायच्या नाहीत, असे सुरुवातीला ठरवावे. ठरवताना सर्वांत मोठ्याने कोण बोलतो ते पाहावे आणि नंतर त्याच्या खाकरण्यावर लक्ष ठेवावे.

पाचाच्या पुढे बदाम सात किंवा झब्बू. झब्बूत इस्पिक एक्क्याने सुरुवात होते आणि ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरतात तो हरतो. आठ-दहा माणसे असतील तर दोन कॅट एकत्र करावेत. पण माणसे ओळखायची असतील तर बदाम सातच. बदामाची सत्ती पडली की तिच्यावर अठ्ठी, खाली छक्की असे लावत जायचे, बाकीच्या रंगांच्या सत्त्याही तशाच उघडायच्या. हातात लागणारा पत्ता असेल तर तो टाकायचा, असा नियम आहे. आता होते काय, की किलवर छक्की बाहेर आल्याशिवाय पाच जणांचे पत्ते अडलेले असतात, आणि छक्की जिच्याकडे आहे ती मावशी शांतपणे "पास" म्हणते. पुन्हा "पास" म्हणते. वर "कोणी दाबून ठेवलीय रे?" अशी चौकशीही करते. डाव संपताना ती छक्की तिच्याच हातून पडते तेव्हा "अगं बाई, ही मागे लपली होती," हे स्पष्टीकरण मान्य करावे. बारशापासून सगळ्यांचे करत आलेल्या मावशीला एक छक्की दाबायचा अधिकार आहे.

नियम आधी ठरवून घेतलेले बरे. प्रत्येक घराण्याचे नियम वेगळे असतात आणि "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य लग्नानंतर वीस वर्षांनीही ऐकू येते. लिखित परंपरेने प्रश्न सुटतील या भ्रमात राहू नये. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे उदाहरण घ्या. हे पत्ते गोल, संख्येने १२०, दहा अवतारांचे दहा रंग. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही कला मरता मरता वाचवली. तिच्यात नियम असा, की दिवसा खेळलात तर रामाकडून सुरुवात, रात्री खेळलात तर कृष्णाकडून. किती स्वच्छ नियम! तरी आमच्या काकांसारखा एक जण बसवा. ऐन दिवेलागणीला तो विचारणारच, की आता दिवस धरायचा की रात्र.

शेवटचा विषय चहाचा. चारच्या सुमारास डाव रंगात येतो आणि कोणी तरी "चहा झाला असता तर," असे हवेत बोलतो. वाक्याला कर्ता नसतो, पण ते ऐकून आई हातातले पत्ते उपडे ठेवून उठते. ती परत येईपर्यंत तिचा डाव शेजारच्याने खेळून हरवलेला असतो. हे टाळण्यासाठी हरलेल्याने चहा करायचा, असा नियम करावा आणि पत्ते वाटण्यापूर्वी तो सर्वांकडून तोंडी कबूल करून घ्यावा. कच्च्या लिंबाला सूट. आजोबांना नाही. आजोबा हरल्यास त्यांना ओट्यापर्यंत पोहोचवावे, साखरेचा डबा कोणता हे एकदाच सांगावे आणि परत येऊन बसावे. आतून भांडी पडल्याचा आवाज आला तरी आजीला उठू देऊ नये. चहा कसाही झाला तरी संपवावा. मात्र हा नियम मागील तारखेपासून लागू नाही, हे आजीला आधीच बजावून ठेवावे, नाही तर ती पन्नास वर्षांची थकबाकी काढेल.