आमची पाळी

श्टुटगार्ट, १५ ऑक्टोबर २०२४

ती. आई-बाबांस,
सा. न.

पार्सल पोचलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नका. कोंडाजीचा चिवडा निम्मा संपला. कोणी संपवला ते सांगत नाही, तुमचाच जावई आहे.

आई, "जिना तू का झाडतेस, भाडं थकलंय का?" असं फोनवर घाबरून विचारलंस. नाही गं! इकडे 'केअरवोखे' नावाची प्रथा आहे. बिऱ्हाडांनी आठवड्याची पाळी वाटून घ्यायची. दारावर पाटी लटकली की जिना, तळघर आणि दारापुढचा फुटपाथ आपला. ऑक्टोबरात पाटी आली म्हणजे सूडच! एका टोकापासून झाडत जावं, तोवर दुसऱ्या टोकाला झाड पुन्हा पानं गाळून मोकळं झालेलं. रविवारी व्हॅक्यूम लावायचा नाही, शांतता भंगते. खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. शनिवारी तिकडे तुम्ही आपट्याची पानं देऊन गळाभेटी घेत होतात, मी इकडे पानांची पोती भरत होते.

याच आजी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मला चर्चमध्ये घेऊन गेल्या. पीक हाती आलं म्हणून देवाचे आभार मानतात त्या दिवशी. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, बटाटे, गव्हाच्या पेंढ्या. दसऱ्याला मी त्यांना आपला घट दाखवला. हीटरजवळ ठेवला म्हणून गहू उगवले तरी, पण पिवळट. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, पाणी जास्त झालंय. बाबा, हेच तुम्ही म्हणाला असतात! जावयांनी तुरा लोकरीच्या टोपीत खोवला.

मावशीच्या बंड्याचं म्हणशील तर येऊ दे त्याला इकडे. आपल्या महाराष्ट्र सरकारने यंदा बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मुलं पाठवायचा करार केलाय, ते आमचंच राज्य. सातपूरच्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन इथे साहेब आहे. आमचा बिघडलेला दिवा महिनाभर इलेक्ट्रिशियनची वाट बघत होता. भाषा मात्र शिकावीच लागेल. गोरी सून येईल म्हणून मावशी रडतेय ना? तिला सांग, आधी त्याला जर्मन व्याकरणाशी संसार करून दाखवू दे.

आणि बंड्याला हेही सांग, की नवरात्रात कालिकेच्या जत्रेचा व्हिडिओ आला की इथे जेवण जात नाही. पाळण्यांची करकर, पिपाण्या, मागे तुझं "अगं, फोन सरळ धर"... मी तेवढंच परत परत ऐकते.

बाबा, माझा जर्मनचा क्लास सुटेपर्यंत तुम्ही गंगापूर रोडला स्कूटरवर पेपर वाचत बसायचात. त्याचे आभार मानले तर म्हणाल, पोरीला थंडी बाधली. म्हणून मानत नाही. बंड्यालाही क्लासला तुम्हीच सोडा.

सुमाआत्या सप्तशृंगी गडावर पायऱ्या चढून गेली म्हणे! पर्समधलं ट्रॉलीचं तिकीट आधी फाडायला सांगा तिला.

उद्या कोजागिरी. चारोळी इथे सोन्याच्या भावात, तेव्हा पुढच्या पार्सलात पाठव. पेढे नकोत, दुधाचं काही कस्टमवाले आत येऊ देत नाहीत. आणि पंचवटीतल्या वाड्याचं नानांनी काय ठरवलं, ते फोनवर सारखं टाळतेस. नीट लिही.

तुमची,
मनू