थाई मांगूररावांना अनावृत पत्र

श्री. थाई मांगूरराव,
मुक्काम : मिळेल ते डबकं, खानदेश.



आपली ओळख झाली ती धुळ्यात, गटारीच्या आधीच्या रविवारी. मासळीच्या ओळीत एका घमेल्यात ओंजळभर पाणी, वर ओलं गोणपाट आणि खाली तुम्ही दहा-बारा जण एकमेकांच्या अंगावर. विक्रेत्याने गोणपाट उचललं तेव्हा आधी दिसलं ते चपटं डोकं, मग काळी बुळबुळीत पाठ, मग मिशा. मोजल्या. आठ भरल्या. आमच्याकडे पोलीस पाटलाचंही दोनावर भागतं. ‘देसी शे भाऊ, आतेच धरेल शे,’ विक्रेता म्हणाला. तुम्ही तोंड उघडून हवा घेतलीत आणि गप्प राहिलात. कुणी थाई म्हणो, कुणी देशी म्हणो, तुमची कशालाच हरकत नसते.

थायलंडशी तुमचं नातं नावापुरतंच. मूळ गाव आफ्रिका. घराणं केवढं थोर! पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या नारमेर राजाचं नाव लिहायला मांजरमाशाचं चित्र काढत. असे तुम्ही गेल्या शतकाच्या अखेरीस बांगलादेशाकडून कागदपत्रांशिवाय भारतात उतरलात. तुमचे गाववाले चिलापी 1952 मध्ये आले, पण रीतसर बोलावणं होतं. आता ते इतके जुने झालेत की त्यांना कुणी परके म्हणत नाही. तुम्हीही धीर धरा.

2000 साली केंद्र सरकारने तुम्हाला पाळण्यावर बंदी घातली, हे मनाला लावून घेऊ नका. आमच्या राज्यात 2012 पासून गुटख्यावरही बंदी आहे, आणि टपरीवाल्याला नुसती भुवई उडवून दाखवली की काम होतं. 2019 च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित लवादाने तुमच्याबद्दल पुन्हा बजावलं. पुढच्या वर्षी आमच्या राज्याच्या मत्स्य विभागाने तुमचे 32 टन भाऊबंद नष्ट केले. 32 टन! म्हणजे बंदीनंतर वीस वर्षं एवढे टन कुणाच्या तळ्यात कुणाच्या नजरेआड वाढले, हा हिशेब आम्ही तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही काही सातबारा घेऊन आला नव्हतात.

पाळणाऱ्याचं तुमच्यावर प्रेम का, ते कळतं. आमचा खरा देशी मागूर म्हणजे सावकाश वाढणारा आणि पिल्लांसाठी ताटकळवणारा. तुमच्या पुढ्यात कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसं टाकली तरी काही महिन्यांत किलोचा काटा पार. पाणी बदला, हवा सोडा, असली नखरेबाजी नाही. मुद्दलात कचरा, व्याजात मासा. असा धंदा कोण सोडेल?

पण धरणाचा ठेका घेणाऱ्या भोयांना विचारा. त्यांच्या संस्था गिरणा-तापीच्या पाण्यात पदरचे पैसे घालून कटला-रोहूची बोटुकली सोडतात. तुमच्या दृष्टीने ती घरपोच न्याहारी. मरळ, वाम, शिंगाडा ही मंडळीही मासेखाऊच, सोवळी नव्हेत. पण त्यांचा आणि नदीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. तुम्ही अंड्यांपासून बेडकांपर्यंत तोंडात मावेल ते घेता. व्हिक्टोरिया सरोवरात 1950 च्या दशकात इंग्रजांनी नाइल पर्च नावाचे तुमच्या खंडातले दुसरे धिप्पाड गृहस्थ सोडले, आणि तिथल्या शेकडो जातींच्या चिमुकल्या माशांचा बाजार उठला. तुमचा नमुना लहान. जिद्द तीच.

खरं सांगू? मला तुमचा राग येत नाही, मत्सर वाटतो. धुळ्याच्या या पांझरा नदीवर फड बागायत होती. बंधाऱ्याला पाणी, पाटाला पाटकरी, आणि कोणत्या फडात यंदा ऊस नि कोणत्या फडात बाजरी हे गावाने मिळून ठरवायचं. पाळी चुकवली तर बोलणी खावी लागत. त्या नदीत आज एकवीरा देवीच्या देवळापाशी उभं राहून बघा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की पाण्याचा जो काळपट पट्टा उरतो, त्यात श्वास घेणं मरळीलाही जड जातं. ती तर बिचारी तुमच्यासारखीच वर येऊन हवा घेते. रोहूचा तर प्रश्नच नाही. अशा पाण्यात, चिखलात, गाळात खुशाल राहणारा एक रहिवासी आम्हाला हवाच होता. आम्ही नदी आधी तयार केली, तुम्ही नंतर आलात. स्थळ आणि वधू इतकं जुळलेलं मी सोयरिकींच्या गावातही पाहिलं नाही.

त्या रविवारी शेवटी काय झालं, आठवत असेलच. तराजूत टाकताना तुमच्यातला एक जण निसटला. रिमझिम चालू होती, फरशी ओली. छातीजवळचे काटेरी पर टेकत, अंग डावं-उजवं टाकत तो सरळ उघड्या गटाराकडे निघाला. घाई नाही, गोंधळ नाही. रस्ता माहीत असल्यासारखा. ‘अहो, पकडा!’ मी ओरडलो. विक्रेता कोयता पुसत म्हणाला, ‘जाऊ द्या भाऊ, तो काही मरत नही.’

गटार नाल्याला मिळतं, नाला पांझरेला, पांझरा तापीला. अख्ख्या धुळ्यात गटारी शब्दशः पाळणारा तेवढा एकच निघाला.

उरलेल्याचं वजन सव्वा किलो भरलं. देसी शे ना, मी पुन्हा विचारलं. शे, तो म्हणाला. मी पिशवी पुढे केली.

कळावे,
आपला,
पिशवीवाला