तालुका प्रतिनिधी

तालुका प्रतिनिधीच्या हाताखाली उमेदवारी करायची म्हणजे आधी त्याची मोटारसायकल चालवायला शिकायचं. हा माणूस शिरूरलाही असतो आणि दौंडलाही. पेपर आणि मिश्या तेवढ्या बदलतात. त्याला सगळे भाऊ म्हणतात. भाऊ मागे बसून दोन फोनवर बोलतात आणि तिसरा वाजला की 'उचल की रे' म्हणून तुमच्यावर खेकसतात. तुम्ही तेव्हा न्हावऱ्याच्या पुढे खड्डे चुकवत असता.

भाऊंना मोघम चालत नाही. 'गाडी दौंडला थांबली' असं लिहिलंत की कागद परत. "दौंडला म्हंजी कुठं? जंक्शनात का कॉर्ड लाइनला? रात्री दोन वाजता माणूस बोचकी घिऊन चुकीच्या ठेसनात हुबा ऱ्हायला, तर त्याला आणायला तू जाणार का?" राज्य राखीव पोलीस दलाचे दौंडला दोन गट आहेत, ५ आणि ७. बातमीत नुसतं 'एसआरपी' दिसलं की भाऊ चष्म्यावरून बघत राहतात. भीमेत प्रेत सापडलं तर नाव-गाव नंतर, आधी काठ कुठला ते सांगायचं. पारगावाजवळ पलीकडे शिरूर तालुका, दौंड शहराजवळ पलीकडे थेट श्रीगोंदा, म्हणजे जिल्हाच दुसरा.

लोकसभेला दौंड बारामतीत जातं आणि शिरूर स्वतःच मतदारसंघ आहे. भाऊंच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की दोन्हीकडे फिरलं तर दोन खासदारांचे वाढदिवस पदरात पडतात. मानधन चहापाण्यात संपतं. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. त्यामुळे इंट्रो फसला तर भाऊ शिव्या देतात, पण शुभेच्छुकांच्या यादीत माजी उपसरपंच आजीच्या वर छापले गेले तर भाऊंना दोन दिवस गावाच्या बाहेरून जावं लागतं. ती यादी ते स्वतः तपासतात, बोट ठेवून.

पण याच माणसाला २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे बघायला हवं होतं. बिबट्याने माणसं मारली होती आणि डेस्कला रडणाऱ्या आईचा फोटो हवा होता. भाऊ हाताखालच्या पोराला म्हणाले, "मोबाइल खिशात घाल. खाली बस." बसले, पाणी प्यायले, बराच वेळ काही विचारलंच नाही. मग घराबाहेर येऊन वनखात्याच्या माणसाला गाठलं: पिंजरा कधी मागितला, कधी आला? आणि महावितरणच्या माणसाला: थ्री-फेज लाइट रात्रीचीच का? उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात जातो ते हौसेनं का? बातमी तीच झाली. फोटो पिंजऱ्याचा गेला.

अशा वेळी भाऊ डेस्कशी भांडतात ते ऐकण्यासारखं असतं. "सर, पोरगं बावीस किलोमीटर उन्हात गेलंय. जाहिरात काढा, ओळ नका काढू." जाहिरात अर्थात निघत नाही, ओळच निघते, पण बातमीवर नाव पोराचं लागतं. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत भाऊ तो अंक स्वतः फिरवतात आणि पोरगा दिसला की म्हणतात, "दुसऱ्या पॅऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावलीस."

६ जानेवारीला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केलं त्या दिवशी, भाऊंचे सत्कार असतात: पंचायत समिती, बाजार समिती, पतसंस्था. वर्षभर ज्यांच्याविरुद्ध लिहिलं तेच शाल घालतात. नारळ भाऊंच्या घरी जातात, एक शाल उमेदवाराच्या आईला.

तुमच्या घरात कुणाला पत्रकार व्हायचं असेल तर पुण्याला कोर्सची फी भरण्याआधी त्याला एक ऊसहंगाम भाऊंकडे पाठवा. पेट्रोल भाऊ भरतील. हेल्मेट मात्र घरून द्या.