पडद्यातला कुत्रा

अण्णांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला तीन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात. बेलचं बटण दाबायचं नाही, वर ढकलायचं. न्हाणीघराची कडी आधी उचलायची, मग ओढायची आणि बोट लगेच काढून घ्यायचं. आणि कुठल्याही वस्तूकडे बघून, निव्वळ सौजन्य म्हणूनसुद्धा, "हे काय आहे?" असं विचारायचं नाही. पहिल्या दोन चुका खपून जातात. तिसरीला दीड तास लागतो.

वस्तू खोक्यातून बाहेर आली की ती पुरी झाली, असं तुम्हाआम्हाला वाटतं. अण्णांच्या लेखी ती तेव्हा कच्च्या मालात जमा होते. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांनी ३४ वर्षं काढली. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, शंभरावा भाग थांबला नाही. तो घरी आला आणि माईंच्या वाट्याला गेला.

उदाहरण म्हणून गॅलरीतली कपड्यांची दांडी घ्या. चारचौघांसारखी दोरी ओढून वर चढवायची दांडी होती. माईंना हात वर करून ओढायला त्रास होतो म्हणून अण्णांनी कप्पीच्या दुसऱ्या टोकाला तेलाचे दोन रिकामे डबे पाणी भरून टांगले. ओल्या कपड्यांचं वजन आणि डब्यांचं वजन बरोबर जुळलेलं. एका बोटाने दांडी वर जाई. पण कपडे वाळले की हलके होतात, हे डब्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी दोनच्या सुमारास दांडी आपली आपण वर चढायची आणि वाळलेले कपडे छताला जाऊन बसायचे.

"वर गेली म्हणजे वाळले," अण्णा म्हणाले. "बघायला जावं लागत नाही."

"काढायला जावं लागतं," माई म्हणाल्या.

अण्णांच्या सुधारणांवर माईंनी आजवर दिलेला सर्वांत मोठा अभिप्राय हाच. एरवी त्या नुसत्या "हं" म्हणतात. तो "हं" ऐकून अण्णा पुन्हा घोड्यावर चढतात. घोडा म्हणजे शिडीचा घोडा. तो त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याइतकाच कायम असतो आणि पाहुणे जास्त झाले की त्यावर बसतातही.

तर पडदा. अण्णांच्या दिवाणखान्याला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. दुपारी तीननंतर तिथे पापड वाळावेत असं ऊन येतं. पूर्वी तिथे बांबूच्या कामट्यांची चिक होती. ती झिजली, तिच्यातून ऊन गाळून येऊ लागलं, आणि शेवटी बंगळूरच्या मुलाने पैसे पाठवून रोलर ब्लाइंड बसवून घेतला. गुंडाळणारा रूळ, त्याला कापड, बाजूला प्लॅस्टिकच्या मण्यांची साखळी. दोन मुलं आली, चार भोकं पाडली, गट्ट्या ठोकल्या आणि वीस मिनिटांत गेली. त्या वीस मिनिटांत अण्णा खाली उभे राहून शांतपणे वर बघत होते. ते शांतपणे बघत असले की माई कपाटातल्या काचेच्या वस्तू आत नेऊन ठेवतात.

पहिला आक्षेप साखळीवर आला. ती खिडकीशेजारी मोकळी लोंबत होती, आणि सुट्टीत येणारा नातू दोन वर्षांचा. अशा लोंबत्या फासात लहान मुलाचा गळा अडकू शकतो. अण्णांनी भिंतीत एक हूक बसवला, साखळी त्यात ताणून धरली आणि विषय संपवला. दहा मिनिटांचं काम. माझ्या मते अण्णांच्या हातून झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे, आणि ज्याच्या घरी असा पडदा आणि लहान मूल आहे त्याने ते आजच करावं. पण अण्णा ते सुधारणांत धरत नाहीत. पहिल्या दिवशीच जे चाललं, त्याला ते हिशेबात घेत नाहीत.

दुसरा आक्षेप कापडावर. ते गुंडाळताना डावीकडे सरकत जाई आणि कडा ब्रॅकेटला घासत. रूळ आडवा समतल नसला तर असं होतं. अण्णांनी रुळावर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. मग त्यांनी ती खिडकीच्या चौकटीवर ठेवली, मग भिंतीलगत जमिनीवर ठेवली, आणि संध्याकाळी मला वर बोलावून गंभीर आवाजात सांगितलं, "पडदा सरळ आहे. इमारत तिरकी आहे." पुढच्या सोसायटीच्या सभेत त्यांनी हा मुद्दा मांडलाही. इतिवृत्तात त्याची नोंद 'इतर विषय' अशी झाली. कापडाचा दोष नंतर रुळावर मास्किंग टेपचे दोन वेढे दिल्यावर गेला. इमारतीचा अजून आहे.

खरा प्रकार सुरू झाला तो एका रविवारी, जुन्या बाजारात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि अण्णा तिथे देवळात जावं तसे जातात. तिथे त्यांना एक लाकडी रूळ दिसला. एका टोकाला गोल पिन, दुसऱ्या टोकाला चपटी. विकणाऱ्याला तो पडदा टांगायचा दांडा वाटला होता. अण्णांनी चपटी पिन पकडीत धरून रूळ फिरवला, कानाशी नेला, आतून कट् कट् असा आवाज आला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, माईंच्या शब्दांत सांगायचं तर, लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हतं तसं तेज आलं.

"ऐक," त्यांनी मला कान लावायला लावला. "आत कुत्रा आहे."

यंत्रकाम न येणाऱ्यांसाठी सांगतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये दात्यांच्या चक्राला अडवणारे दोन छोटे खटके असतात, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. सायकल पायडल मारूनही पुढे जाईना की "कुत्रे गेले" असं निदान होतं. तसाच कुत्रा या रुळात असतो. रूळ आतून पोकळ आणि पोकळीत लांब पीळदार स्प्रिंग. चपटी पिन ब्रॅकेटच्या खाचेत बसते, ती फिरत नाही. रूळ तिच्याभोवती फिरतो. पडदा खाली ओढला की स्प्रिंगला पीळ बसतो. हळूच थांबवला की कुत्रा खाचेत पडतो आणि पडदा तिथेच राहतो. हलका हिसका देऊन सोडला की कुत्रा सुटतो, पडदा वर जाऊ लागतो, आणि वेगात फिरताना कुत्रा बाहेरच्या बाजूला फेकला जात असल्याने खाचेत पडतच नाही. वेग ओसरला की पुन्हा पडतो. साखळी नाही, मणी नाहीत, वीज नाही. नुसतं बोटाने समजावून सांगायचं.

मी घरी जाऊन शोधलं. अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्ट्सहॉर्न नावाच्या गृहस्थाने असा स्प्रिंगचा रूळ १८६४ साली पेटंट केला आणि त्यावर एवढा पैसा मिळवला की न्यू जर्सीत जमीन घेऊन शॉर्ट हिल्स नावाचं अख्खं गाव वसवलं. हे मी अण्णांना उत्साहाने सांगायला गेलो, ही माझी चूक.

"गाव वसवलं?" माईंनी आतून विचारलं. "बाई गं. मला नुसता हॉल आवरून मिळाला तरी चालेल."

अण्णांना वेगळाच प्रश्न पडला होता. "म्हणजे १८६४ पासून यात कुणी काही सुधारणा केली नाही?"

दुसऱ्या दिवशी मुलाने बसवलेला साखळीचा रूळ उतरला, लाकडी रूळ चढला. पीळ किती द्यायचा हा प्रश्न आला. पडदा सुस्त असेल तर अर्धा खाली ओढून ब्रॅकेटमधून काढायचा, हाताने गुंडाळायचा आणि परत लावायचा, की पीळ वाढतो. फार जोरात असेल तर याच्या उलट. अण्णांनी एकदा गुंडाळला. बरा झाला. कारखान्यात 'बरा' हा शब्द नव्हता. त्यांनी आणखी दोनदा गुंडाळला.

त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी पडद्याला हिसका दिला, आणि माझ्या घरात, म्हणजे बरोबर खालच्या मजल्यावर, मी अंथरुणात उठून बसलो. खालची लाकडी पट्टी तीन वेढे वरच्या वर फिरून चौकटीवर आदळली होती. वाटेत तिने मनीप्लांटची बाटली आणि अण्णांचा चष्मा घेतला होता.

"कुत्रा पकडत नाहीये," अण्णा घोड्यावरून म्हणाले.

"कुठला कुत्रा?" दूध द्यायला आलेल्याने विचारलं आणि दाराबाहेरूनच पिशवी ठेवून गेला. तो आजही उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही.

पुढचे चार महिने हेच. रोज सकाळी सात-दहाला धाडकन. अण्णांची वेळ टूलरूमची, तिच्यात मिनिटाचा फरक नाही. पाहुण्यांना पडदा हाताळायचं शिक्षण दिलं जाई: "हिसका नाही. आधी हळूच खाली. कुत्रा सुटल्याचं कळेल तुला. मग हात पट्टीबरोबर वर जाऊ दे, सोडू नकोस." सगळे सोडत. माईंच्या भगिनी तर सोडून खाली बसल्या. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी इमारतीच्या तिरकेपणाबद्दलच बोलायला आले होते, ते न बोलता गेले.

मधल्या काळात एक उलटा प्रयोगही झाला. समोरची इमारत हाकेच्या अंतरावर. पडदा वरून खाली आणला की आडोसा होतो पण आभाळ जातं. म्हणून अण्णांनी रूळ खिडकीच्या तळाला लावला आणि दोरी वरच्या कप्पीतून घेऊन पडदा खालून वर ओढला. आडोसाही झाला, आभाळही राहिलं. कल्पना उत्तम होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पडद्याच्या वरच्या कडेला सूत जुळवण्यासाठी अण्णा घोड्यावर चढ-उतर करत राहिले, आणि समोरच्या गॅलऱ्यांतून लोकांना दोन तास एक डोकं पडद्याच्या वर येताना, इकडेतिकडे बघताना आणि परत खाली जाताना दिसत राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका शाळकरी मुलाने खुर्ची आणून बसून बघितलं. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. रूळ पुन्हा वर गेला.

आणि मग एका संध्याकाळी उत्तर सापडलं. माई पायजम्यात नाडी घालत होत्या. अण्णा तिकडे बघत राहिले. माईंनी नाडी तशीच त्यांच्या हातात दिली. संसार ४० वर्षांचा, शब्द लागला नाही.

युक्ती इतकी सोपी होती की सांगताना लाज वाटते. पडद्याच्या खालच्या पट्टीला मधोमध नाडी. नाडीला पाच गाठी. खिडकीच्या फळीच्या पुढच्या कडेला एक फळकुटाची पट्टी, थोडी बाहेर आलेली, तिला करवतीने पाडलेली एक खाच. स्प्रिंग पडद्याला सतत वर ओढते, नाडी त्याला खाली धरते, आणि गाठ खाचेखाली अडकली की पडदा तिथे थांबतो. खाचेतून नाडी काढायची, हाताने सोडत न्यायची, पुढची गाठ अडकवायची. कुत्र्याचं कामच उरलं नाही. अण्णांनी रुळाचं टोपण उघडून दोन्ही कुत्रे काढले, तेल पुसलं आणि आवळासुपारीच्या डबीत ठेवले. डबीवर चिठ्ठी लावली. खाचेशेजारीही चिठ्ठी लागली, त्यांच्या ड्रॉइंगच्या उभ्या अक्षरात, गाठींची नावं लिहिलेली: सकाळ, ऊन, टीव्ही, झोप, पाहुणे.

"खर्च?" त्यांनी मला विचारलं.

"किती?"

"एक नाडी."

"पायजमा धरला नाही," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे पेपर आणायला गेलो तेव्हा सात वाजून गेले होते. अण्णांनी घड्याळ बघितलं, गाठ खाचेतून काढली, नाडी हातातून सरकू दिली. पडदा वर गेला. काही म्हणजे काही आवाज झाला नाही. अण्णांनी एकदा खाली आणून पुन्हा वर नेला, नुसता ऐकण्यासाठी.

सात-पंचवीसला बेल वाजली. म्हणजे वाजली नाही. कुणीतरी बटण बराच वेळ दाबत होतं. शेवटी दारावर थाप पडली. समोरच्या इमारतीतल्या आजी होत्या, घरातल्याच सपाता, खांद्यावर शाल, धाप लागलेली. त्यांनी अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"बरे आहात ना?"

"मला काय झालंय?"

"आवाज नाही आला." आजींनी श्वास घेतला. "रोज तुमचं ते धाडकन झालं की मी नातवाला खाली पाठवते. सव्वासातला त्याची व्हॅन असते. आज झालंच नाही. व्हॅन गेली. म्हटलं, एवढे महिने वेळ चुकवत नाही हा माणूस, रात्रीत काही…"

माईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. आजी कौतुकाने खिडकीकडे बघत होत्या. "छान केलंय हो. नाडीच ना ही?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते खिडकीशी गेले, खाचेवरून बोट फिरवलं, समोरच्या तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. तिथे गणवेशातला मुलगा गॅलरीत उभा होता, शाळा बुडाल्याचा आनंद लपवत. अण्णांनी घोडा खिडकीखाली ओढला.

"अरे," ते मला म्हणाले, "फडताळातली ती डबी दे बरं. आवळासुपारीची नव्हे. कुत्र्यांची."

"एकच आहे," माई म्हणाल्या.