सेहेचाळीस कुंड्यांचे रायर

कोरांटीला माळी लागत नाही. रखरखीत ऊन, निचऱ्याची जमीन आणि माणसाने जरा लांब राहणं, एवढ्यावर तिचं भागतं. कुंपणाला लावावी, विसरून जावं आणि थंडी पडली की पिवळी फुलं बघावीत. शेळीसुद्धा तिच्या वाटेला जात नाही. अशा झुडपाची काळजी वाहण्यात ज्यांनी आपलं सारं पेन्शनीपण लावलं आहे, ते रायर कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरला राहतात.

तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ शेजारी रायर म्हणतात. आमच्या रायरांचं म्हणणं, हे गाव मुळात आपलंच. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. व्यंकोजीराजांचे चिरंजीव, म्हणजे शिवाजीमहाराजांचे पुतणे शहाजीराजे, यांनी १६९३ साली हे गाव ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिलं; तेव्हा त्याला शाहजीराजपुरम् म्हणू लागले. म्हणून रायरांच्या कुंड्याही ४६. पहिली रामभद्र दीक्षितांची, दुसरी श्रीधर अय्यावाळांची. आणखी दोन-चार नावं त्यांना येतात, पुढे नुसतेच दीक्षित सुरू होतात. सकाळी अंगणातून दरडावणं ऐकू येतं, "अहो रामभद्र, पानं का टाकलीत?"

रामभद्रांनी पानं टाकली, कारण त्यांना काल तीनदा पाणी पाजलं. राजाने पंडितांना जागा दिली आणि त्यांच्या पोथ्यांत नाक खुपसलं नाही. रायरांना हे दुसरं जमत नाही. बहर सरला की फांद्या छाटाव्यात, नाहीतर झुडूप नुसतंच उंडगं वाढतं, हे खरं. छाटलेली फांदी ओल्या वाळूत खोचली की मूळ धरते, हेही खरं. पण मूळ धरलं का, हे पाहायला रायर ती रोज उपटतात. पानांच्या बगलेत तीन-तीन, चार-चार सुया रोखलेल्या. रायरांची बोटं कायम हळद लावलेली. फूल मात्र ते फार प्रेमाने दाखवतात. चार पाकळ्या वर, एक खाली, आणि मधून बाहेर डोकावणारे दोन केसर. "दाताला याच्यासारखं औषध नाही, वज्रदंती म्हणतात!" हे सांगताना त्यांची कवळी खिडकीतल्या वाटीत असते.

काकूंना या प्रकरणात गम्य नाही. "ती जांभळी, बिनकाट्याची, इथं डिसेंबर पू म्हणतात, ती केसात तरी माळता येते. ह्या पिवळीला वास नाही, आणि गजरा करायचा तर आधी बोटांना चिंध्या बांधा."

खरा घोळ उन्हाचा. कोरांटीला दिवसभर ऊन हवं, आणि रायरांच्या अंगणात ते भिंतीभिंतीने सरकतं. तेव्हा कुंड्याही सरकतात. केव्हा सरकवायच्या, हे ठरतं गावच्या शिवमंदिरात. तिथे भिंतीवर दगडात कोरलेलं जुनं अर्धगोल सूर्यघड्याळ आहे, मधे पितळी काटा. रायर छत्री घेऊन तिथवर जातात, सावली वाचतात आणि परत येऊन सेहेचाळीस पंडितांना हलवतात. मनगटी घड्याळावर त्यांचा राग आहे. "ही वेळ मिर्झापूरची! तिथल्या रेखांशावर अख्खा देश चालतो. माझी झाडं काय मिर्झापूरला आहेत?" हिशेब त्यांचा चोख आहे. फेब्रुवारीत गावात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा सरकारी घड्याळात साडेबारा होत आलेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र दोन्ही वेळा जवळजवळ जुळतात. तेवढे दिवस, रायरांच्या मते, सरकार शुद्धीवर असतं.

दुर्दैवाने कोरांटीचा बहर आणि तिकडचा परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. त्यात कार्तिक अमावास्या. श्राद्धाचं अन्न भुकेल्या अंत्यजाला वाढलं म्हणून वाळीत टाकलेल्या अय्यावाळांच्या विहिरीत त्या दिवशी गंगा आली, अशी श्रद्धा आहे. अजूनही हजारो माणसं तिथे स्नानाला येतात. ओलेत्या गर्दीतल्या कुणा भाविक बाईने गेल्या खेपेला घागरभर तीर्थ रायरांच्या कुंड्यांत पुण्यबुद्धीने वाटून टाकलं. रायर दारात उभे. गंगेला अडवावं तर पाप, न अडवावं तर मुळं कुजणार. शेवटी त्यांनी हात जोडले आणि तमिळमध्ये अत्यंत नम्रपणे विनवलं, "आई, दुसऱ्या कुंडीला घाल हवं तर, ती अय्यावाळांचीच आहे. बाकीच्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, त्यांना कशाला?"

मग आभाळ भरून आलं, सूर्यघड्याळावर सावली पडेना आणि रायरांचा कारभार थांबला. काकूंनी मोबाइल पाहून पानं घेतली. "अजून बारा वाजलेले नाहीत," रायर ओसरीवरून म्हणाले. "सूर्य दिसल्याशिवाय वाजणार कसे?"

"बरं," काकू म्हणाल्या, "मग तुमचं डांगर झाकून ठेवते," आणि त्यांनी मला वाढायला घेतलं. दुसरी वाढी येईतो रायर पानावर येऊन बसले होते.