दिवाळे काढायची ऐपत

आपल्याजवळ पैसा नाही, हे न्यायालयात सिद्ध करायला पैसा लागतो. या गोष्टीवर लोक उगाच हसतात. मला विचाराल तर कायद्याच्या एवढ्या मोठ्या इमारतीत इतक्या विचाराने बांधलेली पायरी दुसरी नाही. निदान आमच्या कळमेश्वर तालुक्यातल्या सुज्ञ नागरिकांनी तरी तिची बाजू घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

विषय निघाला तो एका ओळखीच्या गृहस्थांमुळे. संत्र्याचे बगीचे झाडावरच्या मालासकट विकत घ्यायचे, तोडा करून गाडी नागपूरच्या कळमना बाजारात लावायची, हा त्यांचा धंदा. एका वर्षी आंबिया बहार गळाला, दुसऱ्या वर्षी भाव गळाला. मग एक पतसंस्था, एक फायनान्सवाला, दोन साळे आणि महिन्याला शेकडा तीन घेणारा एक सज्जन, असा परिवार जमा झाला. कोणीतरी सांगितले, नादारीचा अर्ज टाका, सुटाल. गृहस्थ वकिलाकडे गेले. वकीलसाहेबांनी कागद नीट पाहिले, फी सांगितली, आणि अर्धी आधी, रोख, असेही सांगितले. गृहस्थ म्हणाले, "साहेब, पैसे नाही म्हणूनच त तुमच्याकडं येऊन राहिलो." वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "म्हणूनच रोख, भाऊ."

या उत्तरात मला कुठेही निष्ठुरपणा दिसत नाही. वकिलाने उधारीवर काम केले असते, तर तो स्वतःच धनको झाला असता. मग अर्जासोबतच्या यादीत, फायनान्सवाल्याच्या खाली आणि साळ्यांच्या वर, आपलेच नाव आपल्याच अशिलाच्या सहीने त्याला लिहावे लागले असते. ज्याला पैसे बुडवायला मदत करायची त्याच्यावरच पैशाचा विश्वास ठेवायचा, ही अपेक्षा कोणत्याही व्यवसायाकडून करू नये. अमेरिकेतसुद्धा दिवाळखोरीचे वकील याच कारणाने फी आधी घेतात. तिथे अर्जाची सरकारी फीच ३३८ डॉलर आहे. दयाळूपणे ती हप्त्यांनी भरता येते. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी २००१ आणि २००८ साली सरकारने लोकांना करातून परत पाठवलेल्या चेकांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की चेक हातात पडल्यावर दिवाळखोरीचे अर्ज वाढले. सरकारने चार पैसे दिले आणि जनतेला दिवाळे परवडू लागले. प्रगत देश म्हणतात तो हा.

आपणही काही मागे नाही. २०१६ साली आपण दिवाळखोरीची नवी, चकचकीत संहिता केली. त्यातला माणसांसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. कळमेश्वरच्या संत्रा व्यापाऱ्याने कोणत्या कंपनीला जामीन राहण्याची दूरदृष्टी दाखवली नसेल, तर त्याच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून हयात आहे. नव्या संहितेने तो रद्द केलाय खरा, पण ते रद्द करणारे कलमच अजून अमलात आणलेले नाही. शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला घराबाहेर काढू नये, इतपत संस्कार आपल्या शासनात आहेत.

आणि म्हातारा तरी कसा! पाचशे रुपयांचे कर्ज झाले की हा माणसाला दारात उभे करतो. दिवाळखोराच्या नोकराचा थकलेला पगार सगळ्यांच्या आधी द्यावा, असे तो प्रेमाने सांगतो. मात्र वीस रुपयांपर्यंतच. नादार ठरलेल्या माणसाने मुक्तता मिळण्याआधी आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे टपरीवर चौघांनी तर्री पोहे खाल्ले आणि "लिहून ठेव" म्हटले, की आधी टपरीवाल्याला न्यायालयाच्या आदेशाची माहिती द्यायची, मग वर शेव मागायची. मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांचीही भरत नसेल, तर न्यायालय बिनशर्त मुक्तता नाकारते. मालमत्ता कमी पडली यात आपला दोष नाही, हे पुन्हा पटवून द्यायचे. म्हणजे पूर्ण बुडालेल्याला सुटका अवघड, अर्धवट बुडालेल्याला सोपी. बुडतानाही माणसाने प्रमाण राखावे, ही शिकवण आजकाल कुठे मिळते?

वयस्कर वाचकांना 'नादारी' हा शब्द शाळेतून आठवत असेल. फी माफ व्हावी म्हणून मुले नादारीचा अर्ज करत. मास्तर सही करत, बापाचा अंगठा उठे, काम संपे. त्या काळी गरिबी सांगितली की पैसे वाचत. मोठ्यांच्या नादारीत पैसे मोजल्याशिवाय गरिबी सांगताच येत नाही. पोरांचा शब्द घेऊन मोठ्यांनी त्याला किंमत आणली, एवढेच.

आता एक आक्षेप नेहमी येतो, की गरिबाला मोफत वकील मिळतोच, मग एवढी रड कशाला? आक्षेप रास्त आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुक्या-तालुक्याला समिती दिली आहे. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला वकील मोफत. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्नही विचारत नाहीत. आमचे गृहस्थ आनंदाने उत्पन्नाच्या दाखल्यामागे लागले. अडचण अशी, की कर्ज काढताना सीएने त्यांचे रिटर्न साडेसहा लाखांचे भरले होते. त्याशिवाय पतसंस्थेने फाईल हातात घेतली नसती. आता तीन लाखांच्या आतला दाखला मागायचा म्हणजे एक तर त्या वेळी खोटे बोललो म्हणायचे, नाही तर आता. त्यांनी हा पेच बायकोला सांगितला. ती म्हणाली, "माझ्या नावावर काढलं असतं त वकील तरी फुकट भेटला असता." घरातले सगळ्यात शहाणे माणूस कर्ज फेडायच्या वेळीच बोलते, हा आपल्या समाजाचा जुना दोष आहे. आणि राहिली कोठडी. गृहस्थांनी काही गुन्हा करून आत जाण्याची तयारी दाखवली असती, तर फीचा प्रश्नच मिटला असता. पण वय बासष्ट, गुडघे दुखतात, आणि इतक्या सरळ आयुष्यानंतर गुन्हा कोणता करावा हेही पटकन सुचत नाही.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात हृद्य वाटणारी गोष्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात आहे. सावकार कितीही मोठा असो, जप्तीच्या वेळी त्याला अंगावरचे आवश्यक कपडे नेता येत नाहीत, स्वयंपाकाची भांडी नेता येत नाहीत, अंथरूण नेता येत नाही, कारागिराची हत्यारे नेता येत नाहीत. आणि धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिनेही नेता येत नाहीत. मंगळसूत्राभोवती कायद्याने असे कुंपण घातले आहे. पतसंस्थेचा वसुली अधिकारी, फायनान्सवाला, महिन्याला शेकडा तीनवाला, कोणाचाही हात तिथे पोहोचत नाही. मागच्या महिन्यात आमच्या गृहस्थांच्या घरचे मंगळसूत्र कळमेश्वरच्याच एका पेढीवर तारण गेले. लहान पाकीट, त्यावर पेनाने नाव आणि वजन. आत दोन वाट्या, आणि काळे मणी सोडवून बाजूला काढलेले, कारण मण्यांचे वजन धरत नाहीत. ते मणी वहिनींनी पिवळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले आहेत. मिळालेले पैसे फीच्या पहिल्या अर्ध्यात गेले. कायद्याने ते धनकोंपासून वाचवून ठेवले नसते, तर वकिलाला द्यायला काय उरले असते, याचा विचार टीकाकारांनी एकदा करावा.

कळमेश्वरहून फेटरीमार्गे नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचे न्यायमंदिर असेल वीस-पंचवीस किलोमीटर. तारीख असते, गृहस्थ जातात, पुढची तारीख घेऊन येतात. तिकीट रोख. अशा माणसाला आपण कफल्लक कसे म्हणावे, असे मला तरी तिकीट काढताना त्यांना पाहून वाटते.

नव्या संहितेत अगदी तळाच्या माणसासाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय लिहून ठेवली आहे, तीही सांगितली पाहिजे, नाही तर सरकारवर अन्याय होईल. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज माफ होऊ शकते. महिन्याला पाच हजार कमावणाऱ्या बेघर माणसाला पस्तीस हजार कोणी उधार दिले, हा प्रश्न मनात आणू नये. योजनेत माणूस आदर्शच धरायचा असतो. ही सोयही अजून अमलात आलेली नाही. तेही योग्यच. नवी सुरुवात घाईने करू नये.

एकेकाळी आपल्या पूर्वजांनी या बाबतीत फार उथळपणा केला होता. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा घाबरलेल्या इंग्रजाने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि लहान दाव्यांत वकिलाला उभेच राहू द्यायचे नाही असे ठरवले. पुढे आपल्याच नागपूरच्या प्रांतिक सरकारने १९३३ साली कर्ज तडजोड मंडळांचा कायदा केला. देशातला तो तसला पहिला. धनको-ऋणको समोरासमोर बसवायचे आणि किती सोडता, किती देता, ते बोलून मोकळे व्हायचे. इतक्या सरळ व्यवहारातून समाजाला काय शिकायला मिळणार? सुदैवाने तो काळ गेला.

आपल्या विदर्भात कर्जातून सुटण्याचा एक मार्ग असाही आहे की ज्याला वकील लागत नाही. तिथेही सरकार मागे राहिलेल्यांना एक लाखाची मदत देते, पण आधी समिती कागद पाहते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. कर्ज होते याचा पुरावा मेल्यावरही आपल्याकडूनच मागतात. नियम जिवंत आणि मृत यांत भेद करत नाही.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की व्यवस्था लहान माणसावर कडक आहे. उलट, मोठ्यांना काय काय सोसावे लागते ते बघा. महाराष्ट्रातल्याच व्हिडिओकॉनचे उदाहरण घ्या. धनकोंचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते, आणि जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेत देऊ केले होते सुमारे २,९६२ कोटी. रुपयातले पाच पैसेही नाहीत. ही कात्री नव्हे, पूर्ण हजामतच, अशा आशयाचे उद्गार न्यायाधिकरणानेच काढले, आणि योजना मंजूरही केली. अपिलात ती जानेवारी २०२२ मध्ये रद्द झाली, हा भाग वेगळा. यात काटोल रोडवर बसलेल्या आपल्यासारख्यांनी लक्षात घ्यायची बाब ही, की कंपनीच्या दिवाळखोरीत प्रक्रियेचा खर्च सगळ्यात आधी, पूर्ण, एकही पैसा न कापता वळता होतो. व्यावसायिक, सल्लागार, वकील, सगळे त्यात आले. मग बँका आणि कामगार, मग आपण. कंपनीला मंगळसूत्र नसते म्हणून तिच्यासाठी ही वेगळी तरतूद करावी लागली असणार.

आमच्या गृहस्थांच्या फीचा दुसरा अर्धा भाग भिशीतून आला. गल्लीतल्या बारा घरांची भिशी. त्यांची अडचण ओळखून पहिली उचल त्यांना दिली. ते पैसे वकीलसाहेबांनी मोजून घेतले आणि मग कायद्याचा माणूस म्हणून एक शंका काढली: भिशीचे अकरा हप्ते अजून द्यायचे आहेत, म्हणजे ते कर्जच झाले, धनकोंच्या यादीत आले पाहिजे. टायपिंगवाल्याने शेवटचे पान नव्याने केले. त्या पानाचे तीस रुपये झाले. गृहस्थांनी खिसे चाचपले. परतीच्या तिकिटाचे तेवढे होते. टायपिंगवाला म्हणाला, राहू द्या काका, पुढच्या तारखेला द्या. मग कागद मशीनमधून ओढता ओढता थांबला आणि विचारू लागला, यादीत खाली जागा आहे, माझं नाव मारून घेऊ का?